बापूंसाठी मदत सामना

कोल्हापुरात माणूस जरा हळू बोलला की लोक त्याला विचारतात, "बरं न्हाय काय?" माझं माहेर निपाणीचं. लग्न होऊन शिवाजी पेठेत आले तेव्हा सुरुवातीला मला वाटायचं, शेजारी रोज सकाळी भांडण होतं. नंतर कळलं, ते एकमेकांना चहाला बोलावत असतात. अशा ह्या पेठेत आवाजासाठी एखाद्याचं नाव व्हावं, म्हणजे तो आवाज कसा असेल बघा. बापू इंगवल्यांचं तसं नाव होतं.

बापू आमच्या समोरच्या बोळात राहायचे. कसबा बावड्याकडच्या एका साखर कारखान्यात ते काट्यावर क्लार्क होते, म्हणजे उसाच्या गाड्या वजनाला येतात तिथं. पण ही झाली पोटाची नोकरी. गाव त्यांना ओळखायचं ते फुटबॉलच्या कॉमेंट्रीमुळं. आमच्याकडं प्रत्येक तालमीचा फुटबॉलचा संघ असतो; त्यांच्यात मॅच लागली की निम्मं गाव कामधंदा सोडून मैदानावर, आणि माईकवर बापू. बुटके, पांढरा कडक इस्त्रीचा शर्ट, भर उन्हाळ्यातसुद्धा गळ्याला मफलर, आणि खिशात पेनाच्या शेजारी ज्येष्ठमधाच्या काड्या. घसा राहावा म्हणून दिवसभर ती काडी चघळायचे आणि भेटेल त्याला एक द्यायचे. "घ्या वैनी, आवाज सुटतोय." मी म्हणायची, "बापू, माझा आणखी सुटला तर आमचे हे घर सोडून जातील."

कॉमेंट्रीत त्यांचा एक नियम होता. माईकवरून कुणाची चूक सांगायची नाही. पेनल्टी बाहेर गेली तर म्हणायचे, "गोलपोस्ट जरा डावीकडं सरकलाय की काय कुणास ठाऊक!" गोलकीपरच्या हातातून बॉल सुटला तर, "थंडीचं दिवस हायत मंडळी, बॉलबी गार पडलाय." पोरगं घरी जाऊन बापाची बोलणी खाणार असतंच, त्यात आपण माईकवरून भर कशाला घालायची, असं त्यांचं म्हणणं. आणि प्रेक्षकांत मारामारी पेटली, ती तर आमच्याकडं पेटणारच, तर पोलिसांच्या आधी बापू. "ए निळ्या शर्टवाल्या, दगड खाली ठेव. तुझी आई मला रोज इचारत्या, पोरगं कसं वागतंय म्हणून. काय सांगू आता तिला?" मैदान हसायचं आणि दगड खाली पडायचा. त्यांना कुठला आलाय निळा शर्ट दिसायला! एवढ्या गर्दीत एक तरी निळा शर्ट असतोयच की, असं मला नंतर सांगून खो खो हसले होते.

आमच्या ह्यांच्या वेल्डिंगच्या दुकानाची पुढची खोली रिकामी होती. नव्वद सालानंतर गल्लोगल्ली एस.टी.डी.चे बूथ निघाले, तसा मीही तिथं एक काढला. बापू फोनला आले की मी म्हणायची, "केबिनमध्ये कशाला जाताय? रस्त्यात उभं राहून बोला, सांगलीला असंच ऐकू जाईल. बिल तरी वाचेल." ते हसायचे आणि आत जाऊन तेवढ्याच जोरात बोलायचे.

पण त्यांचे स्वतःचे फोन थोडे. बहुतेक दुसऱ्यांचे. पेठेत कुणी वारलं की परगावच्या नातेवाइकांना कळवायचं काम बापूंकडं यायचं. घरच्यांच्या तोंडून शब्द फुटत नाही, आणि वाईट बातमी सांगायची हौस कुणाला असते? बापू तोंडातली काडी काढून खिशात ठेवायचे, नंबर फिरवायचे आणि पहिला प्रश्न, "जेवलासा काय?" पलीकडचा नाही म्हणाला तर, "मग जेवून घ्या. मी परत करतो फोन, जरा काम हाय." आणि बाहेर येऊन बाकावर बसून राहायचे. मी एकदा चिडले. म्हटलं, "बापू, तिकडं मयत झाकून ठेवलंय आणि तुम्ही लोकांना जेवायला कसलं लावताय?" तर म्हणाले, "वैनी, आता सांगितलं की त्या घरात चूल पेटायची न्हाय. वर हितंपत्तोर यायचा प्रवास हाय. उपाशी पोटी रडायचं कसं माणसानं?"

मग परत फोन लावायचे आणि एका वाक्यात, आडवळण न घेता सांगून टाकायचे. पुढं पलीकडून जे काही यायचं, ते ऐकत उभे राहायचे. मीटर पळत असायचं. असला फोन त्यांनी मधेच ठेवलेला मी कधी बघितला नाही. बाहेर आले की पाठीला शर्ट चिकटलेला असायचा. वर्षानुवर्षं हा माणूस दुसऱ्यांचं रडणं कानात घेत होता. हे मी त्यांना पुढं झालेल्या आजाराचं कारण म्हणून सांगत नाही, बरं का. कारण कुणालाच सापडलं नाही. मला आठवतं म्हणून सांगते.

आणखी एक गोष्ट सांगायला पाहिजे, ती संभाच्या पायाची. संभा आमच्या तालमीचा गोलकीपर. एमआयडीसीत लेथवर काम करायचा, घरी आई आणि तो. एका मॅचमध्ये त्याचा पाय मोडला, आत सळई घालायला लागणार होती, आणि घरात दमडी नाही. अशा वेळी आमच्याकडं मदत सामना भरवतात. दोन संघ फुकट खेळतात, हाफ टाइमला पोरं चादरीची चार टोकं धरून मैदानाभोवती फिरतात आणि लोक त्यात नोटा टाकतात. चौकात आधीच बोर्ड लागलेला असतो, कुणाचं काय मोडलंय ते लिहून. संभाचा सामना बापूंनीच भरवला होता. चादर फिरताना माईकवरून एकेकाचं नाव घेऊन असं काही बोलले, की चिंगूस म्हणून प्रसिद्ध असलेल्या सोनाराला दोनदा खिशात हात घालायला लागला. संभा पुढच्या सीझनला परत गोलात उभा राहिला. रस्त्यात बापू दिसले की तो वाकून पाया पडायचा. बापू ओरडायचे, "अरं पाय मोडल्याला तू, वाकतोस काय!"

दोन हजार चार-पाचच्या सुमाराला बापूंचं काहीतरी बिघडलं. तोवर बूथचे दिवस सरले होते. मी फोन काढून चार काँप्युटर घेतले होते, प्लायवूडच्या केबिनी करून नेट कॅफे टाकला होता. समोरच्या बोळातून बापू सकाळी दुधाची किटली घेऊन निघायचे ते मला दिसायचं. एक दिवस बघते तर किटली हातात घेऊन बोळाच्या तोंडाशी नुसते उभे. मी शटर उघडलं, झाडलोट केली, उदबत्ती लावली, तरी तिथंच. "बापू, काय विसरलं काय?" म्हणून हाक मारली तर दचकून घरी परत गेले. दूध न आणताच. मग शर्टाची इस्त्री गेली. खिशातल्या काड्या गेल्या. मॅचमध्ये गोल झाल्यावर लोकांचा आरडाओरडा होऊन जायचा आणि मग माईकवरून शब्द यायचा, "गोल." बास, एवढाच.

त्यांची बायको, सुलोचनावैनी, माझ्याकडं येऊन रडायच्या. नीट जेवत नाहीत, झोपत नाहीत, विचारलं तर बोलत नाहीत. मी बापूंना सरळ विचारलं, "काय झालंय तुम्हाला?" तर म्हणाले, "कायबी झालं न्हाय, वैनी. काय झालं असतं तर बरं झालं असतं. सांगाय तरी आलं असतं."

अंगारे-धुपारे झाले. मग सरकारी दवाखाना. तिथल्या डॉक्टरच्या दारात ही रांग, त्यानं दोन मिनिटं बघून गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी झोप लागायला लागली. पण बापू म्हणायचे, "झोप लागत्या वैनी. पण झोपेतनं उठायचं कशाला, ते काय गोळीत न्हाय." गावात समोर बसवून बोलणारे डॉक्टर नव्हते असं नाही. पण त्यांच्या दवाखान्यातल्या बाकावर बापू बसणार कसे? पानपट्टीवर नुसतं "एक पान दे" म्हटलं तरी पानवाला मागं न बघता म्हणायचा, "बसा बापू."

त्यांची मुलगी मनीषा पुण्यात नोकरीला होती. तिनं शोध लावला, की मुंबईच्या एक मॅडम इंटरनेटवरून बोलून असल्या आजारावर उपचार करतात. आधी बँकेत फी भरायची, मग वार आणि वेळ ठरते, आणि कानाला हेडफोन लावून बोलायचं. तासाची फी ऐकून मी चाटच पडले. तेवढ्यात त्यांच्या घरात महिन्याचं दूध येत होतं. पहिली फी मनीषानं पाठवली. पुढं बापूंनी तिला साफ बजावलं, "तुझ्या पगारातनं मी शाणा व्हणार न्हाय." आणि आपल्या खर्चातून ते पैसे काढायला लागले. बावड्याला बसनं जायचे ते सायकलवर आले. सुलोचनावैनी एकदा माझ्यासमोरच कडाडल्या, "बोलायला पैसे? आमच्याशी बोला की! आम्ही काय तिकीट लावलंय?" बापू म्हणाले, "तुझ्याशी बोलाय गेलो की तू रडतीस. मग मला तुझं बघाय लागतंय." त्यात खोटं काहीच नव्हतं.

दर गुरुवारी, त्यांच्या सुट्टीच्या दिवशी, दुपारी कॅफेत कुणी नसायचं त्या वेळेला, बापू यायचे. कोपऱ्यातली केबिन मी त्यांच्यासाठी ठेवायची. आता गंमत बघा. गावातलं कुणी बघू नये म्हणून मुंबईची बाई गाठली, आणि हेडफोन लावल्यावर माणूस आपोआप मोठ्यानं बोलतो. त्यात हे बापू! "मॅडम, मला गोल झाला तरी काय वाटत न्हाय!" अशी आरोळी केबिनमधून यायची आणि मी धावत जाऊन शटर निम्मं खाली ओढायची. रेडिओ मोठा करायची. परत मॅडमना ऐकू येत नाही म्हणून ते आणखी मोठ्यानं बोलायचे. पुढं दुपारचं लोडशेडिंग सुरू झालं. ऐन बोलण्यात वीज जायची, मॅडम गप्प, आणि बापू अंधारात "हॅलो, हॅलो" करत. फी गेली ती गेली. हे बघवेना म्हणून मी ह्यांच्यामागं लागून इन्व्हर्टर घेतला.

मॅडमना त्यांनी कधी बघितलं नाही. तसली सोय महाग होती. सुरुवातीला त्यांनी आपल्याकडच्या रीतीप्रमाणं चौकशी केली, गाव कुठलं, पावणं कोण, माहेर कुठं. मॅडमनी काही सांगितलं नाही. बापू फुरंगटून बाहेर आले. "माझं सगळं इचारत्या, सोताचं काय सांगत न्हाय. हे कसलं बोलणं?" मग जरा थांबून म्हणाले, "पण ऐकत्या मात्र. मधी एक शब्द बोलत न्हाय." इतकी वर्षं दुसऱ्यांचं ऐकलेल्या माणसाला ऐकणारं कुणीतरी भेटलं होतं. मला त्या न बघितलेल्या बाईचं फार कौतुक वाटलं.

आणि फरक पडत होता हो! हळूहळू, पण पडत होता. एका गुरुवारी बापू आले तेच सांगत, "वैनी, सकाळी मिसळ खाल्ली. तिखट लागली!" कोल्हापूरच्या माणसानं मिसळ तिखट लागली म्हणून आनंदानं सांगत यावं! कितीतरी महिने त्यांना कशाची चवच नव्हती. त्या दिवशी मी आत जाऊन देवापुढं साखर ठेवली.

पण आठवड्याचा गुरुवार पंधरवड्यावर गेला, आणि पंधरवडा महिन्यावर. कारखान्याचा पगार तो केवढा, तोसुद्धा कधी वेळेवर, कधी नाही. मी विचारलं की म्हणायचे, "हाफ टाइम जरा मोठा केलाय." मॅडमनी म्हणे फी कमी करू असं सुचवलं होतं. बापूंनी नको म्हटलं. का, तर "कमी पैशात घेतलं तर ऐकतील पण कमीच की." मी डोक्याला हात लावला. म्हटलं, "बापू, तो काय ऊस आहे काट्यावर तोलायला?" ते हसले, पण ऐकलं नाही.

त्याच सुमाराला एका गुरुवारी संभा आणि तालमीची दोघं-तिघं स्पर्धेचं कसलं पत्रक टाईप करायला आली, आणि मी नको नको म्हणेपर्यंत शेजारच्या केबिनमध्ये बसली. आणि आतून बापूंचा तो आवाज, "मॅडम, आता पुढं जमायचं न्हाय मला! परवडत न्हाय!" संभाचे हात की-बोर्डवर थांबले. पोरं पुढचं सगळं ऐकत बसली. बाहेर आली तेव्हा संभाचे डोळे लाल झाले होते. "वैनी, बापू एवढं आजारी हायत आणि आमाला कुणी सांगितलं न्हाय?"

चार दिवसांनी पोरं ठरवूनच माझ्याकडं आली. मदत सामना भरवायचा. मॅडमची वर्षाची फी एकदम उभी करायची. मी हात जोडले. म्हटलं, "अरे बाबांनो, पैसे गोळा करा, पण बोर्ड लावू नका. माईकवर बोलू नका."

संभा म्हणाला, "माझा पाय मोडल्याला बोर्डावर लिव्हलंतं की. कोण लाजलं? मग डोक्याचं का लपवायचं? बापूनी काय चोरी केल्या?"

त्याच्या ह्या बोलण्यात खोट काढायला मला आजही जमत नाही. आणि तरी आठवलं की तळपायाची आग मस्तकात जाते. म्हटलं, "निदान आधी त्यांना विचारा तरी!"

"इचारलं तर न्हाय म्हणतील की!" पोरं एका सुरात म्हणाली. कोल्हापूरच्या मायेची ही तऱ्हा. पाहुणा नको म्हणतोय म्हणून ताटात वाढायचं कुणी थांबतं का?

आठवड्यात चौकात फ्लेक्स लागला. दुमजली घराएवढा. मिरवणुकीतला बापूंचा फेटा बांधलेला फोटो, आणि खाली ठळक अक्षरांत: आपल्या सर्वांचे लाडके समालोचक बापू इंगवले यांच्या मानसिक आजारावरील उपचारासाठी भव्य मदत सामना. त्याच्याखाली तालमीच्या पोरांचे गोल गोल फोटो, गॉगल घातलेले. सकाळी मी शटर उघडत होते तेव्हा बापू किटली घेऊन फ्लेक्सखाली उभे होते. वरपासून खालपर्यंत सगळं वाचलं. मला बघून म्हणाले, "फोटो चांगला आलाय, न्हाय?"

"बापू, काढायला लावू का? मी जाते पोरांकडं."

"नको वैनी. पोरं माझ्यासाठी खांबावर चढल्यात. रागवायचं कुणावर?"

त्या दिवसापासून पेठ बापूंना जपायला लागली. म्हणजे कशी, तर रस्त्याच्या ह्या टोकावरून त्या टोकाला हाक, "काय बापू! डोकं काय म्हणतंय?" भाजीवाली दोन लिंबं जास्त टाकायची आणि सगळ्यांदेखत सांगायची, "सरबत घ्या, डोस्कं थंड ऱ्हातंय." कारखान्यात साहेबांनी बोलावून खुर्ची दिली, चहा पाजला आणि काट्यावरून काढून जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. "तुम्हाला आराम मिळेल," म्हणाले. डोकं फिरलेल्या माणसानं केलेलं वजन शेतकऱ्यांनी उद्या मानलं नाही तर काय घ्या, हे मात्र बोलले नाहीत. एकानंही बापूंचं वाईट चिंतलं नव्हतं. म्हणूनच तर त्यांना कुणाला काही बोलता येईना.

सामन्याच्या दिवशी पोरं बापूंच्या घरी गेली. "बापू, तुमच्याशिवाय माईकवर कोण बसणार?" आणि बापू गेले! मीही गेले होते. हाफ टाइमला चादर फिरली. प्रथेप्रमाणं देणाऱ्यांची नावं माईकवरून सांगायची असतात. बापूंनी ती सांगितली. एकेक नाव, त्यापुढं रक्कम, आणि प्रत्येक वेळी शेवटी, "बापू इंगवले यांच्या उपचारासाठी. मंडळ आभारी हाय." स्वतःचं नाव असं घेत होते, जसा काही तो दुसराच कुणी गरीब माणूस आहे. एका म्हातारीनं कनवटीची नोट काढून चादरीत टाकली, तिचंसुद्धा नाव घेतलं. मला तिथं बसवेना. शेजारच्या बायका मात्र डोळे पुसत म्हणत होत्या, "बघा, किती माया हाय लोकांची!" होती. माया खूप होती.

दुसऱ्या हाफमध्ये बापूंनी दोन वर्षांत केली नव्हती तशी कॉमेंट्री केली. गोलपोस्ट सरकवले, बॉल गार पाडले, लोकांना हसवून हसवून लोळवलं. मैदानातून बाहेर पडताना जो तो म्हणत होता, "निम्मं बरं झालं की बापू! बाकीचं निम्मं पैशानं व्हईल."

पुढच्या गुरुवारी ते आले. आता फी होती, वर्षभर पुरेल एवढी. केबिनमध्ये बसले, हेडफोन लावला. मी सवयीनं रेडिओकडं हात नेला, पण गरजच पडली नाही. आतून मला एक शब्द ऐकू आला नाही. इतक्या दिवसांत पहिल्यांदा बापू हळू बोलत होते. लवकरच उठून बाहेर आले.

"काय म्हणाल्या मॅडम?"

"म्हणाल्या, राग आला काय? मी म्हटलं, लोकांनी प्रेमानं केलंय, राग कसा यील? मग त्या गप बसल्या. मीबी गप बसलो." चपला घालता घालता म्हणाले, "वैनी, आता गप बसलो की लोकांचं पैसं जात्यात."

मग मनातलं बोलले. तसं ते माझ्याशी एकदाच बोलले. "संभाच्या पायाचं बरं होतं. पाय जुळला, लोकांनी बघितला. माझं काय दाखवू? रोज सकाळी इचारत्यात, फरक हाय काय? न्हाय म्हटलं की त्येंचं तोंड उतरतंय. त्या म्हातारीनं तर हात धरला, म्हणाली, माझं पैसं लागू पडलं का रं बाळा? काय सांगू तिला?"

म्हटलं, "खरं सांगा. वेळ लागतो म्हणून सांगा."

"किती येळ? चादर एकदाच फिरत्या, वैनी."

आणि बापू बरे झाले. म्हणजे बरे झालो म्हणून सांगायला लागले. शर्टाला इस्त्री आली, खिशात काड्या आल्या, हाक मारली की त्याच जोरात ओ यायला लागली. उरलेले पैसे त्यांनी तालमीला परत दिले, पुढं कुणाचा हातपाय मोडला तर असावेत म्हणून. मग काय, पोरांनी सत्कारच ठेवला. शाल, नारळ, फेटा. संभा भाषण करायला उठला आणि रडतच खाली बसला. बापूंनी त्याला जवळ घेतलं. टाळ्या थांबेनात.

त्यानंतर ते माझ्याकडं आले नाहीत. येणार कसे? बऱ्या झालेल्या माणसाला भर दुपारी नेट कॅफेच्या केबिनमध्ये काय काम? कुणी बघितलं असतं तर अख्ख्या पेठेचा पैसा पाण्यात गेला असता. मी सुलोचनावैनींना बोलले, तर त्या म्हणाल्या, "हसतात की आता. नका बाई आता नाट लावू." मनीषाला फोन केला. ती दोन दिवस येऊन गेली, वडलांनी तिला हसवून हसवून पाठवली.

थंडी सरता सरता बापूंनी स्वतःला संपवलं. कसं, ते मी लिहिणार नाही. पेठेत ते पुरेसं बोलून झालंय. दारात ही गर्दी, आणि इतकी गर्दी असून कुणाचा आवाज नाही. संभा माझ्या पायरीवर येऊन बसला. तिशी ओलांडलेला गडी, पोरासारखा माझ्याकडं बघत राहिला. "वैनी, बरं झालतं की ओ ते?" एवढंच परत परत विचारत होता.

मी त्यांना शेवटचं बघितलं ते त्याआधी दोन दिवस. गुरुवार होता, दुपारची वेळ. ऊन येतं म्हणून शटर निम्मं खाली होतं. त्याखाली आधी चपला दिसल्या, मग बापू वाकले. अगदी हळू विचारलं, "आत कोण हाय?"

"कुणी नाही. या, बापू. लाईन चालू आहे. मी मॅडमना निरोप टाकते, या." मी खुर्ची सरकवली, केबिनचा दिवा लावला.

त्यांनी एक पाय पायरीवर ठेवला. तेवढ्यात समोरच्या कट्ट्यावरून पोरांची हाक आली. त्यात वाकडं काही नव्हतं, रोजचीच हाक. "काय बापू! हितं काय काम काढलं आता?"

बापूंनी पाय खाली घेतला. वळले, आणि मैदानाच्या त्या टोकाला जावा तसा आवाज काढून म्हणाले, "काय न्हाय रं! वैनीस्नी म्हटलं सांगावं, मी एकदम बरा हाय!"

कट्टा हसला. मला त्यांना हाक मारायची होती, पण हाक मारली तर ती सगळ्या पेठेला ऐकू जाणार. मी शटरखालून नुसती हातानं खूण केली. त्यांनी मागं बघितलं नाही. पोरांनी सरकून मधे जागा केली, आणि बापू त्यांच्यात जाऊन बसले.